वाटणीतली बॅटरी

आमच्या घरात न्याय फार. इतका, की त्याच्यापायी सहसा कोणाचं भलं होत नाही.

माझे बाबा आणि काका सख्खे भाऊ. घरं एकमेकांना चिकटलेली, मधे एक भिंत. वाटणीच्या वेळी दोघांचं बोलणं बंद पडलं ते पडलंच. आमचं वावर अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, नाल्याला लागून. नाल्याकडची जमीन काळी, कसदार. वरच्या अंगाची बरड, तिथं मातीपेक्षा गोटे जास्त. कोणी शहाणा असता तर एकाला काळी दिली असती, दुसऱ्याला बरड पण जास्तीची, आणि विषय संपवला असता. पण आमच्याकडे न्याय म्हणजे प्रत्येक गोष्टीचे दोन तुकडे. काळीचे दोन, बरडाचे दोन. वरपासून नाल्यापर्यंत उभा धुरा, म्हणजे बांध, पडला आणि दोघांच्या वाट्याला पायजम्याच्या नाडीसारखे दोन लांबच लांब पट्टे आले. डवरा फिरवताना बैल वळले की त्यांचा पाय भावाच्या वावरात पडायचा, आणि बैलाच्या त्या पायावरून पुढं कितीतरी दिवस दोन्ही घरांत आदळआपट चालायची. भांड्यांचंही तसंच. पाटा आमच्याकडे आला, वरवंटा काकांकडे गेला. न्याय झाला, आणि दोन्ही घरं मिक्सरमधली चटणी खाऊ लागली.

माझ्या वाट्याला या वाटणीत काही आलं नाही. पोरींनी हक्कसोडाच्या कागदावर सही करायची असते आणि साडी घ्यायची असते. मी सही केली, साडीही घेतली; साडीचा रंग भिकार होता हे मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलते. पण त्या सहीनं मला एक मान मिळवून दिला. मला काहीच मिळायचं नसल्यामुळे दोन्ही घरं मला निःपक्षपाती समजायची. शिवाय मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आणि अमरावतीला इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला. वासरात लंगडी गाय शहाणी. गावात कोणाचा मिक्सर जळला तरी फोन मलाच.

ती वर्षं आमच्या भागाची मोठी वाईट होती, आणि वाईट वर्षांत पाहुणे फार येतात. पांढऱ्या गाड्यांतून दुःखाचे अभ्यासक यायचे. ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि बाबांना विचारायचे, तुम्हाला निराश वाटतं का? बाबा सांगायचे, निराश नाही वाटत, डुकरं येतात. अभ्यासकांच्या प्रश्नांत डुकरांना जागा नसायची. ते मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. एकानं तर जाताना बाबांचा हात हातात घेतला आणि 'धीर धरा' म्हणाला. बाबा संध्याकाळपर्यंत आईला विचारत होते, "तो माणूस डुकरायबद्दल बोलून राहिल्ता का माह्याबद्दल?"

डुकरं मात्र खरीच होती. हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरांचे कळप नाल्यातून वर यायचे, मागून रोही, म्हणजे नीलगायी, यायचे, आणि एका रात्रीत वावराचं अंगण करून जायचे. म्हणून जागल करावी लागायची. जागल म्हणजे रात्रभर वावरात बसून डबे वाजवणं आणि अंधाराला शिव्या देणं. धुऱ्याच्या या बाजूच्या मचाणावर बाबा, त्या बाजूच्या मचाणावर काका. चिखलदऱ्याच्या डोंगराकडून वारा असा यायचा की तरुण माणसाचीही हाडं वाजावीत. बाबांना तर दमा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यांना थंडीत रात्री बाहेर काढू नका, एखाद्या रात्री श्वास अडकला तर तिथं कोण आहे? डॉक्टरांनी हे आम्हाला सांगितलं होतं. डुकरांना कोणी सांगितलं नव्हतं.

मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी रात्री घरात, गोधडीखाली झोपावं. बाकी हरभरा, धुरा, न्याय, सगळं खड्ड्यात गेलं तरी चाललं असतं.

यावर उपाय होता झटका मशीन. वावराभोवती तार ओढायची, मशीन त्या तारेत थांबून थांबून झटका सोडते. जनावर मरत नाही, पण परत यायच्या आधी विचार करतं. आमच्याकडे अर्थातच दोन मशिनी आल्या, दोन सौर पॅनल आले आणि दोन तारा आल्या. धुऱ्यावर बाबांची तार आणि काकांची तार हातभर अंतरानं शेजारी-शेजारी धावायची आणि मधल्या बोळीतून गावातलं मांजर ऐटीत नाल्यापर्यंत जायचं. मशिनीसोबत आलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या दोन हंगामांत बसल्या. तेव्हा काकांच्या मुलानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, लिथियमच्या बॅटऱ्या घरीच बांधायचं ठरवलं. चांगला हुशार, बायको-पोरांचा माणूस. फक्त मोबाइलवर व्हिडिओ पाहिला की त्याच्या हाताला खाज सुटायची. अकोल्याच्या भंगार बाजारातून त्यानं सेल आणले, गावातल्याच एकाचं वेल्डिंगचं छोटं यंत्र आणलं आणि दोन बॅटऱ्या बांधल्या. एक आमची, एक त्यांची. सेलांवर निळ्या प्लास्टिकचं घट्ट आवरण चढवलं, वायरी तेवढ्या बाहेर ठेवल्या. दिसायला जुळ्या बहिणी.

पंधरवडा झाला नसेल, त्याचा फोन आला. "ताई, दोनी मशिनी अर्ध्या रात्री बंद पडून राहिल्या. बीएमएस फॉल्टी हाये वाटते."

बीएमएस म्हणजे बॅटरीच्या डोक्यावरची, आवरणाबाहेरची हिरवी पट्टी. आमच्या प्रत्येक बॅटरीत सेलांच्या चार रांगा होत्या, एकीच्या मागे एक जोडलेल्या. या पट्टीची एकेक बारीक वायर प्रत्येक रांगेकडे जाते. एक जरी रांग फार उतरली तरी पट्टी अख्खी बॅटरी बंद करते. एक जरी रांग काठोकाठ भरली तरी सगळ्यांचं भरणं थांबवते. पंगतीत एकानं पुरे म्हटलं की सगळ्यांच्या पानांवरचं वाढणं बंद, असला तो कारभार. तो कारभार बरोबरच असतो, कारण लिथियमचा सेल प्रमाणाबाहेर उतरला किंवा चढला की बिघडतो, आणि बिघडला की गप्प बसत नाही.

मी रविवारी सकाळच्या एसटीनं गेले. वावरात भावानं मशीन चालू करून दाखवली. टकटक करत होती, दिवा हिरवा, सगळं ठीक. गुन्हा रात्रीचा आणि पोलीस येणार उन्हात. सूर्य उगवला की पॅनल बॅटरी भरू लागायचं, बीएमएस आपोआप उघडायची आणि जणू काही झालंच नाही. मी मीटर लावून चारही रांगा मोजल्या. चारही सारख्या. वायरी हलवून पाहिल्या, जोड पुसले, पट्टीवरची धूळ झटकली. संध्याकाळी परत अमरावती. रात्री मशीन बंद, बाबा मचाणावर.

मग ज्याच्या त्याच्या तर्कांना पूर आला. काका म्हणाले, हिरवी पट्टीच चोर आहे, कुंपणच शेत खाऊन राहिलं. भावानं अकोल्याहून दोन नव्या पट्ट्या आणून बसवल्या. त्याही तशाच वागल्या. बाबांचा तर्क वेगळा होता. मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "तारा जवळजवळ हायेत ना पोरी. त्याची मशीन माह्या बॅटरीतून करंट ओढून राहिली." मी म्हटलं, बाबा, असं होत नाही. भिंतीपलीकडे काकूच्या हातचा चहा प्यायला गेले तर काकांनीही मला बाजूला घेतलं आणि तेच, तितक्याच दबक्या आवाजात, आमच्या मशिनीबद्दल सांगितलं. सख्खे भाऊ असल्याची याहून मोठी खूण मला आजवर सापडलेली नाही.

आमच्याकडे कुठल्याही बिघाडावर शेवटचा इलाज एकच. डायरेक्ट करणं, म्हणजे मधली वस्तू काढून वायर थेट जोडणं. फ्यूज उडतो, डायरेक्ट करा. स्टार्टर धरत नाही, डायरेक्ट करा. काकांनी मुलाला सांगितलं, ती पट्टी काढून फेक. त्यानं खूप ना-नू केलं, पण बापापुढे त्याचं काय चालणार! पट्टी गेली. आणि काकांची मशीन सकाळपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशीही चालली. काका मचाणावरून उतरले, घरी झोपू लागले आणि सकाळी ओट्यावर दात घासताना मोठमोठ्यानं जांभया देऊ लागले, भिंतीपलीकडे ऐकू जातील अशा.

बाबांना ती जांभई सोसवेना. "आपलीबी डायरेक्ट कर."

"नाही करत," मी म्हटलं.

"त्याची चालते ना!"

"चालते म्हणून चांगली हाये असं नाही बाबा. तिले थांबवणारं कोणी राहिलं नाही, म्हणून चालते."

"मंग मी मरू काय थंडीत?"

हे ऐकून मला इतका राग आला की मी भांडलेच. मी कोणासाठी दर रविवारी एसटीत उभं राहून येत होते? मी म्हटलं, डायरेक्ट केलं तर मी या बॅटरीला पुन्हा हात लावणार नाही. बाबा संध्याकाळी घोंगडं खांद्यावर टाकून जागलीला गेले. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी ठरवूनच गेले. बॅटरी वावरातून घरी आणवली, भावाला बोलावलं आणि ओट्यावर मांडून तिला ट्रॅक्टरच्या समोरच्या दिव्याचा बल्ब जोडला. रात्रभराचं ओझं तिच्यावर सकाळच्या दोन घटकांतच टाकायचं आणि प्रत्येक रांग मोजत बसायचं. भर उन्हात बल्ब पेटला. आमच्या गावात ओट्यावर काही मांडलं आणि लोकांनी विचारलं नाही, असं होत नाही. "दिवसा लाइट काहून लावला बापा?" जो तो थांबून विचारायचा. आई गहू निवडता निवडता उत्तर द्यायची, "अमरावतीची साहेबीण आली. तिले दिवसाच शोधा लागते."

पहिला चहा होईपर्यंत चारही रांगा सारख्या. दुसरा चहा झाला तशी तिसरी रांग डगमगली. चौथी तर घसरगुंडीवरून निघाली. मी मीटरची टोकं तिच्यावरून उचलली नाहीत तोच बल्ब विझला. बीएमएसनं दार लावलं होतं. लगेच पहिल्या दोन रांगा मोजल्या. त्या निवांत होत्या. त्यांच्या पोटात अजून कितीतरी शिल्लक होतं. म्हणजे पट्टी निर्दोष होती. पहिलीही आणि बदललेलीही. ती बिचारी रोज रात्री खरंच सांगत होती आणि आम्ही तिलाच बदलत होतो. बसल्या जागी सगळेच सेल सारखे दिसतात. ओझं टाकलं की कळतं कोण काय आहे.

मी ब्लेडनं निळं आवरण फाडलं. पहिल्या दोन रांगांचे सेल नवेकोरे, चकचकीत. पुढच्या दोन रांगांचे सेल जुने, मळकट, बुडाला गंज.

"हे काय हाये?" मी भावाला विचारलं.

तो खाली पाहत म्हणाला, "वाटणी."

मग सगळं बाहेर आलं. अकोल्याच्या भंगारवाल्या चाचांकडे नवे सेल मिळाले ते एका बॅटरीपुरतेच. बाकीचे मोडीत निघालेल्या सौर दिव्यांच्या खांबांवरून उतरलेले. चाचा म्हणाले होते, "सब एक नंबर माल है भाई, मीटर लगाके देख लो." मीटर लावलं, सगळे सारखे दिसले. घरी आल्यावर भाऊ नव्यांची एक आणि जुन्यांची एक बॅटरी बांधणार, तर दोन्ही बाप भिंतीच्या दोन्ही बाजूंनी उभे राहिले. नवी कोणाला? शेवटी अंगणात पोतं अंथरून सेल ओतले आणि आंबे वाटतात तशी वाटणी झाली. एक नवा इकडे, एक नवा तिकडे. एक जुना इकडे, एक जुना तिकडे. नवे-जुने प्रत्येक रांगेत सारखे मिसळून टाकू, म्हणजे रांगा निदान एकमेकींच्या बरोबरीच्या होतील, असंही भाऊ म्हणाला होता. तर दोघेही ओरडले, मिसळले तर कोणाकडे किती गेले ते ओळखायचं कसं? म्हणून दोन रांगा नव्यांच्या वेगळ्या, दोन जुन्यांच्या वेगळ्या. काळीचे दोन तुकडे, बरडाचे दोन तुकडे.

जुन्या रांगा दिवसा लवकर भरायच्या, म्हणून नव्यांना पोटभर मिळायचं नाही. रात्री जुन्या लवकर रिकाम्या व्हायच्या, म्हणून नव्यांमधलं जे काही असेल ते वापरता यायचं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे खरं; पण इथं अर्ध्या आडात होतं आणि तरी पोहरा रिकामा येत होता. मी हे सगळं बाबांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "पण हिस्से तं बरोबर झाले ना?"

"अगदी बरोबर झाले बाबा. म्हणून तं दोनी बिघडल्या."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले. त्यांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं.

मी काकांकडे गेले. त्यांना सांगितलं की तुमची बॅटरी चालते ती जुन्या रांगांचा जीव काढून चालते, पट्टी परत लावा, नाहीतर एखाद्या दिवशी पेटेल. काका खाटेवर आडवे होते. म्हणाले, "बॅटरी नाही जळून राहिली बाई. तुहा बाप जळून राहिला."

त्या आठवड्यात, भर दुपारी, काकांच्या बॅटरीचा डबा पेटला. मी तिथं नव्हते. भावानं सांगितलं ते असं. काका डब्याजवळच सावलीत भाकर खात होते, डब्याकडे पाठ करून. आधी बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला, मग पांढरा धूर. काकांना ऐकू जरा कमी येतं. धुऱ्यापलीकडे बाबा हरभरा पाहत उभे होते, त्यांना धूर दिसला. आणि बाबांनी, ज्यांनी इतकी वर्षं त्या माणसाशी एक अक्षर काढलं नव्हतं, त्यांनी काकांना लहानपणच्या लाडक्या नावानं हाक मारली. ते नाव भावानंसुद्धा आजवर ऐकलं नव्हतं. "ऊठ! अबे ऊठ तिथून!" बाबा दोन्ही तारा ओलांडून धावले. मशीन दिवसा बंद ठेवतात म्हणून बरं. त्यांनी काठीनं डबा दूर ढकलला आणि दोघं भाऊ ओंजळी-ओंजळीनं त्याच्यावर माती टाकत राहिले. धूर थांबल्यावर बाबांना अशी धाप लागली की काकांनी त्यांना बसवून पाठ चोळली, आपल्या तांब्यातलं पाणी पाजलं.

मी धावतपळत आले तेव्हा दोघं आपापल्या ओट्यावर पूर्वीसारखे तोंड फिरवून बसलेले. मी बाबांना म्हटलं, "काकांसंग बोलले म्हणे तुमी?"

"मी त्याले नाही बोललो," बाबा म्हणाले. "डब्ब्याले बोललो."

मला हसू आलं आणि तितकीच भीतीही वाटली. धाप लागून हा माणूस तिथंच राहिला असता तर? बॅटरीनं त्याला घरात झोपवायचं होतं, मारायचं नव्हतं.

मग मी दोन्ही बॅटऱ्या ओट्यावर आणून उघडल्या. काकांच्या जुन्या रांगांचे सेल तोंड उघडून बसले होते. नव्या रांगांच्या सेलांवर मी दोन दिवस बल्ब लावून पाहिला. सुदैवानं त्यांना काही झालेलं नव्हतं. आमच्या नव्या रांगा तर ठणठणीत. मी दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे सगळे नवे एकत्र केले तं एक बॅटरी होते. चारही रांगा बरोबरीच्या. वरून पट्टी. सकाळपर्यंत चालते, माही हमी."

"कोणाची होते?" दोन्ही ओट्यांवरून एकाच वेळी आलं.

मी कपाळाला हात लावला. वाटलं, आता पोतं अंथरणार. पण काका भिंतीकडे पाहत म्हणाले, "तुह्या बापाले दे. त्याले दमा हाये."

बाबा उसळलेच. "त्याले सांग, मले कोणाचा उपकार नोको. त्याचा डब्बा जळला, त्यालेच दे."

"त्याले सांग, तो मोठा हाये."

"त्याले सांग, लहान्याचं घ्यायची माही आदत नाही."

हे पहिल्या भांडणापेक्षा चिवट निघालं. घेण्यावरून भांडणारी माणसं शेवटी थकतात. देण्यावरून भांडणारी थकत नाहीत, उलट त्यांना चेव येतो. माझी शेवटची एसटी निघून गेली. मी दोघांनाही निरोप पोहोचवायचं बंद केलं. निरोप हातभर अंतरावर पोहोचवायचा होता तरी!

तेव्हा आई चुलीजवळून बाहेर आली. हाताला पीठ. तिनं विचारलं, "इहीर कशी वाटली होती तुमी?"

विहीर वाटलेली नव्हती. विहिरीत भिंत घालता येत नाही, म्हणून आमच्याकडे वावरं फुटतात, घरं फुटतात, विहीर तेवढी सामाईक राहते. एक दिवस एकाची पाळी, एक दिवस दुसऱ्याची, आणि ती पाळी एवढ्या भांडणात कोणी कधी मोडली नव्हती. पाण्यापुढे आमच्याकडचा न्याय गुमान बसतो.

"हे वावर नोहे," आई म्हणाली, "हे इहिरीसारखं हाये. पोरगी तेच सांगून राहिली इतक्या वेळची." मी तसं मुळीच सांगत नव्हते, मला ते सुचलंही नव्हतं. पण मी जोरजोरानं मान हलवली.

एक बॅटरी झाली. एक मशीन, दोन्ही वावरांना मिळून एक तार. धुऱ्यावरच्या दोन्ही तारा काढल्या आणि मांजराचा राजमार्ग बंद झाला. डबा ठेवायचा कुठे यावर अर्धा दिवस गेला. काकांनी सुतळी आणली, धुऱ्याची रुंदी मोजली आणि डबा बरोबर मधोमध बसवला, एका बोटाचाही फरक नाही. संध्याकाळी मशीन चालू करायची आणि सकाळी बंद करायची ती विहिरीसारखी पाळीनं. मी अमरावतीला परतले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी दुकानाचं शटर वर करत होते तोच आईचा फोन. "ऐक," ती म्हणाली आणि फोन कुठंतरी नेला. मला काही कळेना. घर्र घर्र असा आवाज येत होता. मला वाटलं, रेंज नाही. मग आई हळूच म्हणाली, "तुहा बाप. अजून उठला नाही." मी शटर तसंच अर्धवट सोडलं आणि पायरीवर बसून रडले. मालक आले, त्यांनी विचारलं, घरी काय झालं? मी म्हटलं, बाबा घोरून राहिले. त्यांनी मला दिवसभर कामाला लावलं नाही.

पुढं महिनाभर बॅटरीची एक तक्रार नाही. हरभरा सोंगायला, म्हणजे काढणीला, आला तेव्हा मी गेले. दुरुस्तीचं काही नव्हतं, पण आमची जात अशी की चालणाऱ्या वस्तूला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही. मी दुकानातून एक छोटं सेन्सर नेलं होतं. अंधार पडला की मशीन आपोआप चालू, उजाडलं की बंद. पाळी नको, फेरा नको.

दिवस कलला होता. बाबा चपला घालून निघाले.

"आज पाळी कोणाची?" मी विचारलं.

"त्याची."

"मंग तुमी कुठं चालले?"

"तो बटन दाबते का नाही, पाहाले नोको?"

आई आत हसत होती. तिनं सांगितलं, हे रोजचंच आहे. काकांच्या पाळीला बाबा पाहायला जातात, बाबांच्या पाळीला काका. बटन दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागायला हवा, पण दोघंही चांगलं झापड पडल्यावर, म्हणजे गुडूप अंधार झाल्यावर, घरी येतात. धुऱ्यावर बसून काय करतात ते देव जाणे. बोलतात का, विचारलं तर नाही म्हणतात.

मी बाबांना सेन्सर दाखवलं. हे लावलं की कोणालाच जावं लागणार नाही, तुमचाही फेरा वाचेल आणि काकांचाही, असं सांगितलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. धुऱ्याच्या दिशेनं काका आधीच निघालेले दिसत होते.

"चांगलं हाये," बाबा म्हणाले आणि ते माझ्या हातात परत ठेवलं. "अमरावतीत कोणाले तरी लावून दे."

"काहून? इथं काय झालं?"

"पोरी, हे लावल्यावर आमी तिथं कायले जाऊ?"